व्यालेल्या गाईचे रक्त आणि पुढील गर्भधारणा

वर्षाला एक वेत मिळवायचे असेल, तर त्याचे गणित कठोर आहे. गाईचा गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा. म्हणजे विल्यानंतर 85 दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. त्यांपैकी सुमारे 40 दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. उरलेल्या काळात संकरित गाय माजावर आली नाही, मुका माज दाखवू लागली किंवा दोन-तीनदा रेतन करूनही उलटली, की प्रथम संप्रेरकाच्या इंजेक्शनचा विचार होतो. कारण मात्र पुष्कळदा दोन महिने आधीच्या आहारात दडलेले असते.

विल्यानंतर दूध झपाट्याने वाढून पाचव्या ते आठव्या आठवड्यात कमाल पातळी गाठते. भूक त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्ण खुलते. या काळातील तुटीला ऋण ऊर्जा-संतुलन म्हणतात. एक लिटर दुधासाठी कासेला सुमारे 70 ग्रॅम ग्लुकोज लागते. रवंथ करणाऱ्या जनावराला ते चाऱ्यातून आयते फारसे मिळत नाही. यकृताला घडवावे लागते. मग अंगावरची चरबी वितळते आणि मुक्त मेदाम्ले रक्तात उतरतात. यकृताला ती पूर्णपणे जाळता आली नाहीत, तर काही तेथेच चरबीच्या रूपाने साठतात व काहींपासून कीटोन द्रव्ये बनतात. यांतील बीएचबी हे द्रव्य रक्तात लिटरला 1.2 मिलिमोल किंवा त्याहून अधिक आढळल्यास सुप्त कितनबाधा, म्हणजे सबक्लिनिकल किटोसिस, समजावी. बाहेरून लक्षण असे काही दिसत नाही. फार तर गाय खुराक थोडा टाकते.

ऊर्जेची ही टंचाई मेंदूपर्यंत पोहोचते. ग्लुकोज, इन्सुलिन आणि आयजीएफ-1 घटले की बीजविमोचन घडवणाऱ्या एलएच संप्रेरकाचे स्पंदन मंदावते. बीजपुटक वाढते, पण फुटत नाही. शिवाय पुटकाच्या वाढीला काही आठवडे लागत असल्याने, सत्तराव्या दिवशी सुटणाऱ्या बीजाची जडणघडण तुटीच्याच दिवसांत सुरू झालेली असते, असे मानले जाते.

कॅल्शियमची कथा याहून वेगवान आहे. दहा लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते, आणि रक्तद्रवात एका वेळी असते जेमतेम 3 ग्रॅम. 100 मिलिलिटर रक्तद्रवात ते 8.5 मिलिग्रॅमच्या खाली उतरले की गाय खाली बसली नाही तरी गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, वार अडकते, पुढे गर्भाशयदाह होतो. ऊसपट्ट्यात वाढे हाच मुख्य चारा असतो. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावयास हवे. कडबा व भाताचा पेंढा यांत स्फुरद कमी असते. चाऱ्यातील अशी उणीव प्रदेशागणिक बदलते. म्हणूनच बेंगळुरूच्या आडुगोडी भागातील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने (स्थापना 1995) प्रदेशानुरूप खनिज मिश्रणाचा पुरस्कार केला. सर्वत्र एकच पिशवी चालत नाही.

दूध वाढावे म्हणून नुसती पेंड वाढवणे हाही उपाय नव्हे. ऊर्जेविना अधिक प्रथिने दिल्यास रक्तातील युरिया नत्र वाढते. ते 100 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर राहिल्यास गर्भाशयातील वातावरण भ्रूणाला प्रतिकूल होते. पेंडीसोबत मका भरडा व चांगला मुरघास हवा.

खरी तयारी भाकड काळातच करावी लागते. पाच गुणांच्या मोजपट्टीवर विताना शरीरस्थिती 3 ते 3.5 असावी. लठ्ठ गाय विल्यावर कमी खाते आणि अधिक झिजते. त्यामुळे भाकड गाईला भरपूर चारून 'तयार' करण्याची रीत उलटच फळते. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा, पण कॅल्शियमचा मारा टाळावा; अन्यथा हाडांतून कॅल्शियम सोडवण्याची यंत्रणा ऐन वेळी सुस्त राहते.

रक्ततपासणी गाय उलटू लागल्यावर केल्यास मूळ कारणाचा काळ निघून गेलेला असतो. बीएचबीसाठी विल्यानंतर पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान नमुना घ्यावा. हातात मावणाऱ्या मीटरवर थेंबभर रक्तात गोठ्यातच आकडा मिळतो. कॅल्शियमसाठी मात्र विल्यानंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे. एका गाईच्या आकड्यावरून गोठ्याचा आहार बदलू नये. नुकत्याच व्यालेल्या अनेक गाईंचे आकडे एकत्र पाहून, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा.