सोसणे आणि आधार : एका धातूची दोन रूपे

आपल्या घरी कुणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले असेल, तर ‘किती सोसता हो तुम्ही!’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. ते ऐकून क्षणभर बरे वाटते. पण पुढे ‘मला हे झेपत नाही’ असे म्हणणे मात्र अवघड होऊन बसते.

वॉर्सा येथील नेत्रवैद्य डॉ. लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली ‘एस्पेरान्तो’ ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली. तीत दडपणाखाली टिकून राहण्यासाठी ‘एल्तेनी’ असा शब्द आहे. ‘तेनी’ म्हणजे धरणे; ‘एल’ या उपसर्गाने क्रिया तडीस गेल्याचा अर्थ येतो. ‘त्रिंकी’ म्हणजे पिणे, तर ‘एल्त्रिंकी’ म्हणजे पिऊन संपवणे. म्हणून ‘एल्तेनी’ म्हणजे शेवटपर्यंत धरून राहणे. त्याच ‘तेनी’ला ‘खाली’ या अर्थाचा ‘सुब’ उपसर्ग लावला की ‘सुब्तेनी’ होते, खालून धरणे, अर्थात आधार देणे.

आपल्याला हे नाते परके वाटू नये. ‘धृती’ आणि ‘आधार’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘धृ’ या एकाच धातूपासून आले आहेत. आपण कौतुक मात्र धृतीचेच करतो, त्यातही घरातल्या बाईच्या!

एस्पेरान्तोत ‘नेएल्तेनेब्ला’, म्हणजे ‘सोसवत नाही असे’, हेही विशेषण सहज तयार होते. ते उच्चारण्यात कमीपणा नाही. रात्री तीनदा उठून कूस बदलून देणाऱ्या व्यक्तीची झोप तुटते, पाठ धरते, स्वतःच्या गोळ्या चुकतात, क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो आणि मागाहून अपराधी वाटते. हा स्वभावदोष नव्हे. थकव्याची ही लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. रुग्णाच्या तपासणीला जाल तेव्हा स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्यावा. आपण स्वतः रुग्ण असाल, तर ‘आज तुझी झोप झाली का?’ एवढे विचारणे आपल्याही हाती आहे.

नातलग ‘काही लागलं तर कळवा’ म्हणतात आणि आपण कधीच कळवत नाही; काय मागावे हेच सुचत नाही. तेव्हा वार आणि वेळ ठरवूनच मागावे : ‘दर बुधवारी चार ते सहा तू यांच्याजवळ बसशील का? मला तेवढा वेळ झोपायचं आहे.’