दवाखाना उभारणाऱ्याचा थकवा

डिचोलीत स्वतःचा दवाखाना सुरू केला तेव्हा उत्साहाखेरीज माझ्याजवळ फारसे भांडवल नव्हते. रुग्णतपासणी, कर्जाचे हप्ते, परिचारिकांच्या पाळ्या, सारे मीच पाहत असे. काही वर्षांनी सकाळी कुलूप उघडताना हात जड होऊ लागला. रुग्ण बोलत असताना माझे लक्ष घड्याळाकडे जाई. मी त्याला आळस समजलो.

तो बर्नआउट होता. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबताना स्वतः कोलमडलेल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेचे वर्णन केले. भावनिक रितेपण, माणसांविषयी तुटकपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना, ही तिची तीन अंगे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिला रोग न मानता कामातील दीर्घ ताणाशी जोडले. म्हणून उपायही कामाच्या रचनेतच शोधावा लागतो.

२०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेले रुग्ण निद्रानाशाची तक्रार घेऊन येत. "मनात ठेवू नका, बोला," असे मी त्यांना सांगे. स्वतः मात्र गप्प होतो. अखेर पेडण्याच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यापाशी बोललो. त्यांच्या सल्ल्याने हिशेब दुसऱ्याकडे सोपविला आणि आठवड्याचा एक दिवस मोकळा ठेवला. उत्साह हळूहळू परतला.

मात्र उदासी घरीही पाठ सोडत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी आपण डॉक्टरांनीही विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात कमीपणा नाही.