साउंड सेट : एकत्र घ्यावा की सुटा?

हळदीकुंकू असो की ग्रामसभा, माइक लागतोच. म्हणून आमच्या गटाने भाड्याने देण्यासाठी सेट घ्यायचं ठरवलं. दुकानात पहिलाच प्रश्न आला, मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच डब्यात हवेत, की वेगवेगळे?

माइकमधून येणारा आवाज फार बारीक असतो. मिक्सर प्रत्येक माइकचा आवाज कमी-जास्त करतो. अँप्लिफायर त्याला स्पीकर वाजवण्याइतकी ताकद देतो. एकत्र सेटमध्ये ही दोन्ही कामं एकाच डब्यात होतात. वायरी कमी, जोडायला सोपं. असे बरेच सेट 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, म्हणजे लाइट गेली तरी कार्यक्रम थांबत नाही. पण बिघडला की अख्खा डबा दुरुस्तीला जातो आणि ठरलेलं भाडं बुडतं.

सुट्या सेटमध्ये बिघडलेला भागच दुरुस्तीला द्यायचा. पुढे मोठा अँप्लिफायरही जोडता येतो. मात्र खर्च जास्त आणि शिकायलाही जास्त.

आम्ही एकत्र घेतला. पैसे बचतीचे होते, सेट आम्हा बायकांनाच उचलायचा होता आणि आमच्या कार्यक्रमांना तीन-चार माइक पुरतात. तुमची कामं मोठी असतील, तर सुट्याचा विचार करा.

कोणताही घ्या, पण स्पीकरचे ओहम बघा. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. अँप्लिफायरला ते झेपतं का, हे दुकानातच विचारा. नाहीतर तो तापून जळेल आणि गटाची बचतही त्याच्यासोबत जाईल.