आधी की मागाहून?

क्रिकेटमध्ये गोलंदाज दमला की सीमारेषेवर जाऊन उभा राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा गोलंदाजीला येतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ही सोय नाही बरं का! तिथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याला एकदा मैदानाबाहेर काढलं की त्या सामन्यात तो परत येत नाही. म्हणून पिचर दोन तऱ्हेचे. सामना सुरू करतो तो स्टार्टर. नऊ डावांपैकी पाच-सहा डाव तो एकटा ओढतो आणि मग चारेक दिवस विश्रांती घेतो. मागाहून येतो तो रिलीव्हर. तो बहुधा एकच डाव टाकतो, पण दुसऱ्या दिवशीही त्याला बोलावणं येऊ शकतं.

मग एखादा गुणी पोरगा हाती लागला, तर त्याला कुठे ठेवायचं? २००७ साली न्यूयॉर्क यांकीज संघापुढे हाच पेच पडला. जोबा चेंबरलेन, वय २१, ऑगस्टमध्ये रिलीव्हर म्हणून आला. चेंडूचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास! १९ सामन्यांत २४ डाव टाकले आणि त्याच्या नावावर धाव लागली फक्त एक. (सहकाऱ्यांच्या चुकीने गेलेली धाव यात धरत नाहीत.)

झालं, वाद सुरू! कुणी म्हणे, चमकतोय तिथेच राहू द्या. कुणी म्हणे, इतका चांगला आहे तर एकाऐवजी सहा डाव द्या ना! २००८ च्या जूनमध्ये त्याला स्टार्टर केलं. ऑगस्टमध्ये खांदा दुखावला. २००९ मध्ये त्याने ३१ सामने सुरू केले, पण नऊ डावांमागे पावणेपाच धावा जाऊ लागल्या. २०१० मध्ये पुन्हा रिलीव्हर. २०११ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया.

असं का व्हावं? एका डावापुरता एक वेगवान आणि एक फसवा चेंडू चालून जातो. स्टार्टरसमोर मात्र तोच फलंदाज दोन-तीनदा येतो. तोवर त्याला आपल्या युक्त्या पाठ झालेल्या असतात! नव्या युक्त्या शिकायला वेळ लागतो, सुरुवातीला मारही बसतो. मला विचाराल तर तरुण पिचरला आधी स्टार्टरच करावं, आणि दोन-तीन वर्षं हलवू नये. पाढे छान म्हणणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक दरवेळी पाढेच म्हणायला लावतो ना, तसं त्याचं होऊ नये.

शिकागो व्हाइट सॉक्सच्या ख्रिस सेलचंच बघा. २०१० मध्ये तोही रिलीव्हर म्हणूनच आला. २०१२ मध्ये स्टार्टर झाला, तर मे महिन्यात कोपर दुखतंय म्हणून त्याला पुन्हा मागे पाठवलं. पठ्ठ्याने हट्ट धरला! कोपराची तपासणी झाली आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा सामने सुरू करू लागला. २०२० मध्ये त्याच्याही कोपरावर शस्त्रक्रिया झाली. आणि २०२४ साली, अटलांटाकडून खेळताना, त्याने पिचरांचा सर्वांत मोठा मान, साय यंग पुरस्कार मिळवला. स्टार्टर म्हणूनच!