घरगुती खाद्यधंदा आणि त्याच्या शाखा

शेतात पिकलेला माल तसाच बाजारात न लोटता घरी त्याचा पदार्थ करून विकला तर चार पैसे अधिक हाती येतात, हे आपल्या शेतकरी बंधूंस आता पटलेले आहे. उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, तिखट, मेतकूट असे जिन्नस गावोगावच्या घरांतून विक्रीस जातात. परंतु अनुभव असा की, एका घरापुरता असेतोवर हा धंदा बरा चालतो आणि पाच-दहा ठिकाणी पसरू लागला की मोडतो. असे का होते व ते कसे टाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम घरचाच दाखला देतो. आमच्या वडील वहिनींच्या हातच्या मेतकुटास तालुक्याच्या गावी चांगली मागणी होती. सेवानिवृत्त झाल्यावर मी उत्साहाने पुढाकार घेऊन पाच दुकानदारांस आमच्या नावाने मेतकूट करून विकण्याची मुभा दिली. यासच हल्ली 'फ्रँचायझी' म्हणतात. प्रत्येकाकडून अनामत रक्कम घेतली आणि जिनसांचे प्रमाण कागदावर लिहून दिले. डाळी भाजणे व दळणे त्यांच्याकडे राहिले. दोन वर्षांत एकाने उडदाची डाळ कमी करून तांदूळ वाढविला, दुसऱ्याने भाजणी कच्ची ठेवली. गिऱ्हाइकाने दुकानदारास बोल लावला नाही, कारण पुडीवर नाव आमचे होते. अनामती परत कराव्या लागल्या. तोटा नक्की कोठे झाला हेही मला दाखविता येईना. तीस वर्षे गावोगावच्या जमाबंदीचे कागद ज्याने तपासले, त्याने घरच्या धंद्याचा जमाखर्च लिहिला नव्हता! वहिनी मला शब्दाने बोलल्या नाहीत. पण त्या वर्षी मेतकुटाची कढई चुलीवर चढली नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवास या चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटावयास घेतले. भांडवल म्हणजे ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. सार्वजनिक कार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख यांचे त्यांस मार्गदर्शन होते. आरंभी या भगिनी उंची व हलका असे दोन प्रकारचे पापड करीत. हलका माल बंद करून एकच उत्तम प्रत राखावी आणि हिशोब चोख ठेवावा, असे पारेख यांनी सुचविले व ते त्यांनी मानले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह ठेवला आणि अडचण निवारली. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, हा निश्चय पहिल्यापासूनचा होता.

१९६२ साली मालास 'लिज्जत' हे नाव मिळाले व १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. १९६१ साली मालाड येथे शाखा काढण्याचा यत्न फसला होता. पुढे १९६८ साली गुजरातेत वालोड येथे महाराष्ट्राबाहेरील पहिली शाखा निघाली. आज या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. मूळच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली.

एवढा पसारा होऊनही नाव टिकले, याचे मर्म कामाच्या पद्धतीत आहे. पीठ ज्याने त्याने आणावयाचे नाही; वाशी येथे संस्थेची स्वतःची गिरणी असून तेथून शाखांस पीठ पुरविले जाते. शाखेत पहाटे कणीक तिंबतात. भगिनी ती घरी नेऊन पापड लाटतात, वाळवितात, आणि दुसऱ्या दिवशी आणून दिल्यावर त्यांस मजुरी मिळते. तीस तेथे 'वणाई' म्हणतात. पापड लाटणारी प्रत्येक भगिनी ही संस्थेची मालकीण समजली जाते. हलका माल करून तिला कोणास फसविता येत नाही. फसविले तर ती स्वतःसच फसविते.

आमच्या मेतकुटात नेमके हेच चुकले. आम्ही नाव विकले आणि भाजणी दुसऱ्याच्या हाती दिली. ज्याने अनामत भरली त्याचे लक्ष ती वसूल करण्याकडे असावयाचे, यात त्या दुकानदारांचा दोष मी फारसा मानीत नाही. कुळाने जमीन कसावी आणि सुपीकतेची चिंता मालकाने करावी, असाच तो व्यवहार होता.

सबब अशा धंद्यास हात घालणाऱ्या वाचकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: ज्या कृतीवर पदार्थाची चव अवलंबून आहे, म्हणजे पीठ, भाजणी किंवा मसाला, ती एकाच ठिकाणी ठेवावी; लाटणे, वाळविणे, पुड्या बांधणे ही कामे घरोघर वाटावी. दुसरी: शाखा चालविणारास नफ्यातोट्यात भागीदार करावे, केवळ नाव वापरण्याचे भाडे घेऊन मोकळे होऊ नये. तिसरी: पहिल्या दिवसापासून कीर्द व खतावणी लिहावी आणि दरमहा सर्वांसमोर वाचून दाखवावी. चौथी: व्यापारचिन्हाची नोंदणी १९९९ च्या कायद्यान्वये करून घ्यावी, ती दहा वर्षे चालते व पुढे वाढविता येते. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लागणारी नोंदणी किंवा परवाना यांतही कुचराई करू नये.

यात शेतकऱ्याचा दुहेरी लाभ आहे. काढणीच्या वेळी पाऊस लागला की उडदाचा भाव पडतो आणि व्यापारी म्हणेल त्या दराने माल द्यावा लागतो. गावातच दहा-बारा घरांचा मिळून असा धंदा उभा राहिला, तर चांगल्या उडदास निश्चित गिऱ्हाईक मिळेल आणि घरातील स्त्रियांच्या श्रमाचे मोल त्यांच्याच हाती पडेल.

यंदा वहिनींनी शेजारच्या सहा घरांस बरोबर घेऊन मेतकूट पुन्हा करण्याचे ठरविले आहे. भाजणी आमच्याच चुलीवर होईल, पुड्या सहाही घरी बांधल्या जातील आणि नफा सर्वांत वाटला जाईल. वही लिहिण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले आहे. तिचे पहिले पान मी जिनसांच्या खरेदीपूर्वीच आखून ठेविले आहे.