कूलरसमोरचा 'आऽऽऽ' आणि माही जीचं रॅप

कूलरच्या जाळीजवळ तोंड नेऊन 'आऽऽऽ' केलंय ना? केलं नाही असं एकही पोट्टं नागपुरात सापडायचं नाही! आपण आवाज काढतो सलग, पण तो कानावर येतो तुकड्यातुकड्यांनी: आ-आ-आ-आ. पंख्याचं पातं समोर आलं की आवाज त्याच्यावर आपटून मागे फिरतो, पातं सरकलं की फटीतून पलीकडे निसटतो. आवाजाच्या अशा बारीक फोडी करणारा पंखा सगळ्यांना ठाऊक असतो. पण असंच एक यंत्र आपल्या तोंडातही आहे, तिकडे आपलं लक्षच जात नाही.

आरशासमोर उभं राहून सावकाश म्हणा, 'पटक'. 'प' म्हणताना ओठ मिटले. 'ट' म्हणताना जिभेचं टोक वर टाळूला टेकलं. 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू वर उचलली गेली. तिन्ही वेळा छातीतून येणारी हवा क्षणभर अडली आणि मग सुटली. ही अडवाअडवी नेमक्या तालावर आणि भन्नाट वेगानं करता आली, की ज्याला रॅप म्हणतात त्याची सुरुवात झाली.

हे काम फार सुंदर करणारी एक ताई आपल्या महाराष्ट्रात आहे. तिचं नाव मधुरा घाणे, पण गाण्यात ती स्वतःला 'माही जी' म्हणवते. ती महादेव कोळी या आदिवासी समाजातली. सह्याद्रीच्या डोंगरात, अकोले तालुक्याच्या परिसरात या समाजाची खूप गावं आहेत. देशी बियाणं जपणाऱ्या 'बीजमाता' राहीबाई पोपेरे याच समाजातल्या. माही जी मराठीत आणि हिंदीत रॅप करते. तिच्या एका गाण्याचं नाव आहे 'जंगलचा राजा'. रॅप म्हटलं की चकचकीत गाड्या आणि सोन्याच्या साखळ्या डोळ्यांसमोर येतात. ही मात्र जंगलाबद्दल, पाण्याबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल बोलते. मला ती आवडते ती यासाठीच.

आता टाळ्या वाजवा पाहू. एक, दोन, तीन, चार. घाई नको, मिनिटाला साधारण 90 टाळ्या बसतील एवढाच वेग. आता टाळीला एक शब्द म्हणा: संत्रं, संत्रं, नागपुरी, संत्रं. काही जाणवलं? 'संत्रं'मध्ये दोन अक्षरं आणि 'नागपुरी'मध्ये चार, पण टाळी तेवढ्याच वेळाची! म्हणजे तिसऱ्या टाळीला जीभ दुप्पट वेगानं पळाली. आता चारही टाळ्यांना 'नागपुरी' म्हणा. सेकंदाला सहा अक्षरं झाली. अशा चार टाळ्यांच्या घासाला रॅपवाले 'बार' म्हणतात. आणि असे आठ-दहा बार सलग म्हणायचे असतील तर श्वास कुठे घ्यायचा? ती जागा गाणं लिहितानाच राखून ठेवावी लागते. नाहीतर ऐन यमकाच्या तोंडावर दम संपतो. करून बघाच एकदा!

ताल ओळखायला मात्र कुणी शिकवावं लागत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळांना झोपेत ठेका ऐकवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या. ठेक्यातला महत्त्वाचा ठोका गाळला की बाळाच्या मेंदूला ते कळत होतं! आपल्या पणजीला, खापरपणजीला तर जात्याच्या घरघरीचा ठेका होता. दळता दळता त्यांनी ओव्या रचल्या, त्यात आपलं सगळं सुखदुःख सांगितलं. गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गोळा केल्या आहेत.

रॅपचा जन्म झाला तो दूर न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्स नावाच्या गरीब वस्तीत. 11 ऑगस्ट 1973 ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं आपल्या इमारतीतल्या हॉलमध्ये एक पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना तिकीट 25 सेंट, मुलांना 50. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला फक्त ढोलांचा तुकडा आला की पोरं जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. त्यावर लोक बोलू लागले, यमकं जुळवू लागले. थोड्याच वर्षांत 'फंकी फोर प्लस वन' नावाचा गट आला. त्यात चार मुलगे, आणि ते 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक ही मुलगी. एवढं दणक्यात गाणाऱ्या मुलीला 'वरची एक' म्हणून मोजावं, हे मला आजही पटत नाही.

आपल्याकडे आता वरची-खालची कुणी उरलेली नाही. सृष्टी तावडे आहे, अमरावतीची आर्या जाधव आहे. आणि माही जीनं 2024 मध्ये ग्रीनपीस इंडिया या संस्थेसोबत जे गाणं केलं, ते तर नागपूरकरांनी ऐकायलाच हवं. त्याचं नाव 'हीटवेव्ह', म्हणजे उष्णतेची लाट.

ऊन काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2024 च्या नवतप्यात तर एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तपासल्यावर यंत्रच बिघडलेलं निघालं. खरं ऊनही काही कमी नव्हतं म्हणा!

अशा उन्हात आपलं अंग थंड कसं राहतं? घामामुळे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलरमधलं ओलं गवतही तेच करतं, हवेतली उष्णता घेऊन पाण्याची वाफ होते. नागपूरची हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे कूलर जोरात चालतो आणि पावसाळ्यात रुसतो. पण घाम यायला पोटात पाणी हवं आणि अंग निवायला मधूनमधून सावली हवी. डांबर टाकणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला ती कुठून मिळणार? माही जीचं गाणं या माणसांबद्दल आहे.

माझ्या भाचीनं ते ऐकलं आणि स्वतःचं रॅप लिहायला वही घेऊन बसली. दोन ओळी झाल्या, पण पुढे तिला ठेका मिळेना. संध्याकाळी आम्ही रसवंतीवर गेलो, तर चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, छन छन छन छन. ती बोटांवर मोजू लागली. मग चरकावरच्या काकांना तिनं विचारलं, "काका, दुपारी तुम्हाले ऊन नाही लागत का?"

काकांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "लागते ना माय," ते म्हणाले, "पण उसालेबी लागते."

तिसरी ओळ तिला तिथेच मिळाली. चौथीवर ती अजून टाळ्या वाजवत बसली आहे.