अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नियुक्त्या आणि पक्षीय राजकारण : सिनेटच्या संमतीचे बदलते स्वरूप

प्रस्तावना :

१९८६ साली अँटोनिन स्कालिया यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीला अमेरिकेच्या सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी संमती दिली. २०२० साली एमी कोनी बॅरेट यांच्या नियुक्तीला ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती मिळाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे एकही मत त्यांच्या बाजूने पडले नाही. बॅरेट यांनी उमेदीच्या काळात स्कालिया यांच्याकडेच विधिसाहाय्यक म्हणून काम केले होते. राज्यघटनेचा अर्थ तिच्या निर्मितीकाळातील अर्थानुसार लावावा, ही भूमिकाही दोघांची समान होती. या चौतीस वर्षांत राज्यघटनेतील संबंधित तरतुदीचा एक शब्दही बदललेला नाही. मग बदलले काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

उद्दिष्टे :

१) न्यायाधीशांच्या नियुक्तीची घटनात्मक प्रक्रिया समजून घेणे.
२) सिनेटमधील मतदानाच्या आधारे पक्षीय भूमिकेतील बदलाचा मागोवा घेणे.
३) या बदलाचे न्यायसंस्थेवर झालेले परिणाम तपासणे.

घटनात्मक तरतूद :

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे नामनिर्देशन करतात व सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने त्यांची नियुक्ती करतात. न्यायाधीशासाठी वय, शिक्षण वा अनुभवाची कोणतीही अट घटनेत नाही. सिनेटने कोणत्या निकषांवर संमती द्यावी अथवा किती दिवसांत निर्णय घ्यावा, याबाबतही घटना मौन बाळगते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ साली ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ७६ व्या लेखात अशी अपेक्षा व्यक्त केली होती की, सिनेटच्या संमतीची अट असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष मर्जीतील अपात्र व्यक्तीचे नाव पुढे करण्यास धजावणार नाहीत.

या पदाला मुदत नाही व निवृत्तीचे वयही नाही. १९७५ साली नियुक्त झालेले जॉन पॉल स्टीव्हन्स २०१० पर्यंत पदावर होते. त्यांची निवड करणारे जेराल्ड फोर्ड मात्र अडीच वर्षांहूनही कमी काळ राष्ट्राध्यक्षपदी होते. राष्ट्राध्यक्ष जातात, पण त्यांनी नेमलेला न्यायाधीश पिढीभर राहतो. नियुक्तीभोवतीच्या संघर्षाचे मूळ येथे आहे.

पक्षरेषा ओलांडणाऱ्या मतदानाचा काळ :

नियुक्त्यांमधील राजकारण नवे नाही. सरन्यायाधीशपदी तात्पुरती नेमणूक झालेल्या जॉन रटलेज यांना सिनेटने १७९५ सालीच १४ विरुद्ध १० मतांनी नाकारले. ब्रिटनबरोबरच्या जे-तहावर त्यांनी केलेली जाहीर टीका त्यांना भोवली. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेट सदस्य थेट जनतेकडून निवडले जाऊ लागले आणि नियुक्तीवरील मताचा जाब मतदारांना देणे त्यांना भाग पडले. १९१६ साली लुई ब्रँडाइस यांच्या नामनिर्देशनावर प्रथमच जाहीर सुनावणी झाली.

तथापि, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विरोधाची रेषा आणि पक्षाची रेषा एक नव्हती. १९६७ साली डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी थर्गुड मार्शल या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीशाची निवड केली. त्यांच्या विरोधात पडलेल्या ११ मतांपैकी १० मते जॉन्सन यांच्याच पक्षातील होती. दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्य नागरी हक्कांच्या प्रश्नावर पक्षाबरोबर नव्हते. १९६९ साली रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सुचविलेले क्लेमंट हेन्सवर्थ ४५ विरुद्ध ५५ मतांनी नाकारले गेले. त्या ५५ मतांत १७ रिपब्लिकन मते होती. दोन्ही पक्षांत उदारमतवादी व परंपरावादी असे गट असल्यामुळे राष्ट्राध्यक्षांना केवळ स्वपक्षाच्या बळावर विसंबता येत नव्हते. सर्वांना चालेल असे नाव शोधणे ही त्यांची गरज होती.

संघर्षाचे नवे वळण : १९८७

गर्भपाताच्या हक्काला मान्यता देणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल व नागरी हक्कांविषयीचे निर्णय यांमुळे न्यायालयाची रचना हा निवडणुकीच्या राजकारणाचा विषय बनला. दक्षिणेतील परंपरावादी मतदार रिपब्लिकन पक्षाकडे सरकत गेला आणि दोन्ही पक्ष वैचारिकदृष्ट्या अधिकाधिक एकजिनसी होऊ लागले. अशा वातावरणात १९८७ साली रोनाल्ड रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचे नाव सुचविले. बोर्क यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या घटनाविषयक मतांवरच सारा वाद केंद्रित झाला. सुनावणीत त्यांनी आपली मते सविस्तर मांडली आणि सिनेटने त्यांना ४२ विरुद्ध ५८ मतांनी नाकारले.

यातून दोन धडे घेतले गेले. पहिला, सुनावणीत शक्य तितके कमी बोलावे. पुढे येऊ शकणाऱ्या खटल्यावर मत देणे उचित नाही, हे उत्तर त्यानंतर नित्याचे झाले. दुसरा धडा निवडीसंबंधीचा होता. १९९० साली थोरले जॉर्ज बुश यांनी नेमलेले डेव्हिड सूटर कालांतराने उदारमतवादी न्यायाधीशांबरोबर निर्णय देऊ लागले. त्यामुळे उमेदवाराची वैचारिक खात्री आधीच करून घेण्याचा आग्रह रिपब्लिकन वर्तुळात वाढला. २०१६ च्या निवडणूक प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची यादीच जाहीर केली, हे या प्रवृत्तीचे पुढचे टोक होय.

नियमांचा बदल आणि संकेतांचा अंत :

सिनेटमध्ये चर्चा अमर्याद लांबवून मतदान रोखण्याच्या डावपेचाला ‘फिलिबस्टर’ म्हणतात. १९६८ साली एब फोर्टास यांची सरन्यायाधीशपदावरील बढती याच मार्गाने अडली. १९७५ पासून चर्चा थांबविण्यासाठी सामान्यतः ६० मतांची आवश्यकता होती. २०१३ साली डेमोक्रॅटिक बहुमताने कनिष्ठ संघीय न्यायालये व प्रशासकीय पदे यांच्यापुरती ही अट साध्या बहुमतावर आणली. २०१७ साली रिपब्लिकन बहुमताने तेच सूत्र सर्वोच्च न्यायालयाला लागू केले आणि नील गोरसच ५४ विरुद्ध ४५ मतांनी नियुक्त झाले. विरोधी पक्षाचे मन वळविण्याची अखेरची गरजही येथे संपली.

नियमांपेक्षाही संकेतांची मोडतोड अधिक बोलकी आहे. स्कालिया यांचे फेब्रुवारी २०१६ मध्ये निधन झाल्यावर बराक ओबामा यांनी मेरिक गारलँड यांचे नाव पाठविले. निवडणुकीचे वर्ष असल्याने निर्णय मतदारांवर सोडावा, असे सांगून रिपब्लिकन बहुमताने सुनावणीसुद्धा घेतली नाही. २०२० साली रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे १८ सप्टेंबर रोजी निधन झाले, तेव्हा मात्र त्याच पक्षाच्या बहुमताने मतदानदिनाच्या आठ दिवस आधी, २६ ऑक्टोबर रोजी, बॅरेट यांना संमती दिली. सिनेट व राष्ट्राध्यक्षपद या वेळी एकाच पक्षाकडे आहेत, असे त्याचे समर्थन केले गेले. कोणतीही घटनात्मक तरतूद दोन्ही वेळी भंगली नाही. भंगला तो परस्परविश्वास.

परिणाम :

प्रतिपक्षाचे बहुमत असलेल्या सिनेटने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला संमती दिल्याचे शेवटचे उदाहरण १९९१ मधील क्लॅरेन्स थॉमस यांचे आहे. ५२ विरुद्ध ४८ अशा निसटत्या मतदानात ११ डेमोक्रॅट त्यांच्या बाजूने होते. रिक्त जागा केव्हा निर्माण होते आणि त्या वेळी सिनेट कोणाकडे असते, यावर न्यायालयाचा कल ठरू लागला. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात नियुक्त झालेल्या तिन्ही न्यायाधीशांनी २०२२ च्या ‘डॉब्स’ खटल्यात बहुमताला साथ दिली व ‘रो’ निकाल रद्द झाला. त्याच वर्षी केतांजी ब्राउन जॅक्सन ५३ विरुद्ध ४७ मतांनी नियुक्त झाल्या. केवळ तीन रिपब्लिकन मते त्यांना मिळाली. न्यायाधीशांसाठी अठरा वर्षांची मुदत ठरविण्याचे प्रस्ताव याच पार्श्वभूमीवर चर्चिले जात आहेत.

भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासकाला येथे एक संदर्भ आठवतो. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकन पद्धतीचा उल्लेख करून, नियुक्त्या विधिमंडळाच्या संमतीवर सोपविल्यास त्या राजकीय दबावाच्या प्रभावाखाली येण्याचा धोका दाखविला होता. भारताने तो मार्ग टाळला. परंतु न्यायाधीश कोणी निवडावेत हा वाद भारतातही मिटलेला नाही. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द करणारा २०१५ चा निकाल त्याची साक्ष देतो.

निष्कर्ष :

१) सिनेटच्या संमतीची तरतूद कायम आहे, तिचा आशय मात्र पक्षांच्या वैचारिक ध्रुवीकरणामुळे बदलला आहे.
२) राष्ट्राध्यक्षांना दोन्ही पक्षांचा विचार करावा लागत होता, तोवर संमतीची अट अंकुशाचे काम करीत होती. आता एकपक्षीय बहुमत असताना ती औपचारिकता ठरते, तर विभक्त सत्ता असताना अडसर.
३) लिखित नियमांइतकेच अलिखित संकेतही न्यायसंस्थेचे रक्षण करतात. पराभूत पक्षालाही निकाल मान्य व्हावा, ही न्यायालयाची खरी शक्ती होय. न्यायाधीशाच्या नावापुढे पक्षाची मुद्रा उमटू लागली, तर ती शक्तीच क्षीण होते.